सोळा पायऱ्या

सकाळी आमची बोट मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागली. सोबती समुद्रस्नानास गेले (मला आपली कृष्णाच पुरे!), मी मात्र बंदराकाठच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या पाहावयास गेलो. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर या बेटात उसाच्या मळ्यांत राबावयास आले. मुंबईहून निघालेल्यांत आमच्या साताऱ्याकडचेही होते.

मी सातारा-सांगलीकडचा शिक्षक, हे ऐकताच तेथे आलेल्या एका वृद्ध बाईंनी पिशवीत जपलेला कागद पुढे केला. त्यांच्या पणजोबांची नोंद होती ती.

"आमचं गाव वाचाल का, गुरुजी?" त्यांनी अडखळत्या मराठीत विचारले.

कोणा कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेले ते नाव! 'वाई' म्हणावे तर एक अक्षर अधिक, 'वडूज' म्हणावे तर एक उणे. बोटीचा भोंगा वाजला, तरी आम्ही दोघे ते नाव लावीतच होतो.