लाल विंचू

महाडजवळच्या आमच्या गावात मूल चालायला लागलं की घरातली मोठी माणसं त्याला झटकायला शिकवत. अंथरूण झटकायचं, दांडीवरचा कपडा झटकायचा, चप्पल उलटी करून आपटायची आणि मगच पाय घालायचा. आजी सरपणातलं लाकूडसुद्धा आधी काठीनं उलटं करून बघायची. जांभ्याच्या भिंतीतली फट, कौलांखालची जागा, गोठ्यातला पेंढा, परसातली दगडांची रास, लाल विंचवाला लपायला एवढं पुरतं. मे महिन्यात घर शाकारायला घेतलं की कौलांबरोबर विंचू खाली यायचे. पाऊस सरला, भातकापणी आली की पेंढ्यातून निघायचे. आमचं सगळं बालपण असं त्यांच्या शेजारानं गेलं.

विंचू चावल्यावर काय करायचं हेही घरोघर ठरलेलं होतं. चिंचोका उगाळून डंखावर चिकटवायचा, आघाड्याचं मूळ लावायचं आणि विंचू उतरवणाऱ्याला निरोप धाडायचा. तो येऊन मंत्र पुटपुटत खांद्यापासून बोटापर्यंत हात फिरवी. रात्रभर माणूस कळांनी तळमळे, दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागे. बहुतेकांचं असंच होई, म्हणून त्या उपायांवर सगळ्यांचा विश्वास बसलेला होता.

पण एके वर्षी आमच्या खालच्या वाडीतल्या गुराख्याचा मुलगा गेला. तो माझ्याहून लहान होता. संध्याकाळी गोठ्यात त्याला विंचू चावला. थोड्या वेळानं म्हणे तो रडायचाही थांबला. अंगातून घामाच्या धारा लागल्या, उलट्या झाल्या, हातपाय बर्फागत गार पडले. पहाटे त्याला धाप लागली, तोंडाला लालसर फेस आला आणि संपलं. त्याच्या आईचा आक्रोश वरच्या वाडीपर्यंत ऐकू येत होता. बायका म्हणाल्या, विष काळजात उतरलं. आजीनं त्या रात्री आमची अंथरुणं पुन्हा पुन्हा झटकली.

त्या मुलाला नेमकं काय झालं होतं हे मला कळलं ते मोठेपणी, डॉ. हिंमतराव बावस्करांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन हाती आलं आणि त्यानंतर विंचूदंशावरचं त्यांचं संशोधन समजून घेतलं तेव्हा. जालना जिल्ह्यातल्या खेड्यात गरिबीत वाढलेला हा डॉक्टर १९७०च्या दशकात आमच्याच तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आला. विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर मरत होती आणि पुस्तकात त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून हाती लागलेली धोक्याची लक्षणं १९८२मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना चेतवतं. शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात. त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त लोटता लोटता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. गुराख्याच्या मुलाच्या तोंडाला आलेला फेस त्या पाण्याचा होता. वाडीतल्या बायका बोलल्या ते खोटं नव्हतं, घाव खरोखरच काळजावर बसतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होती. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ती विंचूदंशावर वापरली आणि १९८६मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत; या उपचारानंतर ते प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. पुढे २०११मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासानं दाखवलं की गोळीच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. बावस्करांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागातल्या पुष्कळ घरांना ती आपल्याच घरात आल्यासारखी वाटली.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या घरातलं लेकरू समोर गार पडताना बघणं वेगळं. सुट्टीसाठी आम्ही सगळे गावी जमलो होतो. शाकारणी चालू होती. रात्री जेवणं झाल्यावर माझ्या तीन वर्षांच्या पुतणीनं, ओवीनं, दांडीवरचा फ्रॉक ओढला आणि किंचाळली. फ्रॉकमधून दोन-अडीच इंचांचा तांबूस विंचू पडला. तिचा हात धरून वहिनी ओट्यावर बसली. शेजारीपाजारी जमले, कुणीतरी चिंचोका आणला. काही वेळानं ओवीचं रडणं ओसरलं. “उतरलं बघ,” एक म्हातारे म्हणाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

तेवढ्यात शेजारची आशाताई आली. तिनं ओवीच्या कपाळाला हात लावला, मग तळपायांना. फ्रॉक घामानं भिजला होता, पाय गार होते. ओवीनं भडभडून उलटी केली. आशाताई आवाज न चढवता म्हणाली, “दादा, गाडी काढा. आत्ताच्या आत्ता. दुखणं कमी झालंय म्हणून थांबू नका.”

ग्रामीण रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण रात्रपाळीला होती. तिनं ओवीची छाती तपासली, रक्तदाब घेतला, वजन केलं. वजनावरून गोळीची मात्रा काढली, पाण्यात विरघळवली आणि पाजली. सलाइनमधून प्रतिविष सुरू झालं. वहिनी तिला उराशी घ्यायला वाकली, तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, “ताई, तिला उचलू नका. या गोळीनं रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ती आडवीच राहू दे, तुम्ही तिच्याजवळ वाका.” आईनं रडणारं मूल कडेवर न घेणं याहून अवघड काही मी पाहिलेलं नाही. वहिनी रात्रभर खाटेवर ओणवी राहिली, गाल तिच्या गालाला लावून. नर्स दर थोड्या वेळानं नाडी आणि रक्तदाब लिहून जात होती. बावस्करांनी बिरवाडीत उशाशी बसून ठेवलेल्या नोंदींचीच ती पुढची पानं होती, असं मला त्या रात्री वाटत राहिलं.

उजाडताना ओवीचे तळपाय कोमट झाले. तिनं पाणी मागितलं.

खालच्या वाडीतला मुलगा आणि ओवी, दोघांच्या अंगात तेच विष गेलं होतं आणि लक्षणंही तीच सुरू झाली होती. मधल्या काळात आमच्याच मातीत, आमच्याच माणसांच्या उशाशी बसून एका दांपत्यानं उत्तर शोधलं, म्हणून दुसरं मूल वाचलं. हे उत्तर महागडंही नाही. ते वेळेवर मिळायला हवं, एवढंच. लहान मुलाचं अंग छोटं, विष मात्र मोठ्या माणसाएवढंच. म्हणून त्याच्या बाबतीत उशीर परवडत नाही.

कोकणात, देशावर, जिथं लाल विंचू आहे तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. झटकण्याची आजीची सवय मोडू नका. मुलाला विंचू चावला तर तो किती रडतो यावरून धोका मोजू नका, आणि घाम, उलटी, गार हातपाय यांची वाटही पाहू नका. सरळ दवाखाना गाठा. ही लक्षणं दिसलीच तर मात्र एक क्षणही मांत्रिकावर घालवू नका. आणि उन्हाळा लागण्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: प्राझोसिन आहे का, विंचवाचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का? उत्तर नाही आलं, तर ग्रामसभेत उठून तेच प्रश्न पुन्हा विचारा.