जहाज सुटण्यापूर्वी कोचीत

आमच्याकडे गाडी नाही, कधी नव्हतीही. आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि घरापासून वर्गापर्यंतचे अंतर वीस मिनिटांत पायी कापता येते, त्यामुळे चारचाकीवाचून आमचे कधी अडले नाही. मात्र हिवाळी सुट्टीत लक्षद्वीपच्या जहाजाची तिकिटे आणि बेटांवर उतरण्याचे परवाने हाती आल्यावर जो तो एकच प्रश्न विचारू लागला: जहाज सुटण्याआधी कोचीत दीड दिवस आहे, मग तिथे गाडी कुठली ठरवलीत? आम्ही काहीच ठरवले नव्हते. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसचे आरक्षण तेवढे केले होते. नावात लक्षद्वीप मिरवणारी ही गाडी अर्थातच एर्नाकुळमला थांबते. पुढचे काम समुद्राकडे सोपवलेले असते.

कोची पाहायला गाडी नसणे हीच सोय आहे, हे आम्हांला बोटीच्या धक्क्यावर पहिल्या अर्ध्या तासातच कळले. हे शहर पाण्याकडून घडत गेले आहे. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुराने मुझिरिसचे जुने बंदर गाळाने भरले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे इतिहासकार सांगत आले आहेत. त्यानंतर अरब, चिनी, पोर्तुगीज, डच, इंग्रज जे कोणी आले ते पाण्यावरूनच आले. तेव्हा आपणही तसेच जावे, हे बरे. एर्नाकुळमच्या जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याची बोट काही रुपयांत फोर्ट कोचीला पोचवते. २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या वॉटर मेट्रोच्या वातानुकूलित बोटीही सुरू झाल्या आहेत. पण आम्ही जुनीच बोट पसंत केली. शाळेची मुले, मासळीच्या रिकाम्या टोपल्या आणि कचेरीत निघालेली मंडळी यांच्यामध्ये बसून उजवीकडे बोळगट्टी आणि डावीकडे विलिंग्डन बेट पाहत जाण्यात जी मजा होती, ती बंद काचेआड लाभली असती असे वाटत नाही. ते विलिंग्डन बेट मुळी माणसाने केलेले आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने बंदराचे तोंड खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून ते उभे केले. दुसऱ्या दिवशी आमचे जहाज तिथूनच सुटणार होते.

फोर्ट कोचीत आम्ही फार रेंगाळलो नाही. चिनी जाळी पाहिली. पलीकडच्या टोकाला टांगलेले दगड, दोर ओढणारे पाच-सहा जण, आणि एवढ्या खटाटोपानंतर वर येणारे मूठभर मासे. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर दाखवतात. तो १५२४ मध्ये याच गावी वारला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. म्हणजे लोक रांगेने पाहतात ती रिकामी जागा. आम्हीही पाहिली.

खरी वाट त्यापुढची. फोर्ट कोचीहून मट्टनचेरीकडे जाणारा बाजार रस्ता पायीच तुडवावा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला वखारी, आणि मिरी, सुंठ, वेलदोडा यांचा असा काही दर्प की बोलणे आपोआप थांबते. मट्टनचेरीचा राजवाडा १५५५च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, १६६३ नंतर डचांनी त्याची डागडुजी केली आणि लोक त्याला म्हणतात डच पॅलेस. डागडुजी करणाऱ्याचे नाव लागले आणि बांधणारा मागे पडला! आम्ही यावर हसलो. हसण्याचा अधिकार आम्हांला कितपत होता, ते पुढे तासाभरात कळायचे होते.

आतील रामायणाची भित्तिचित्रे पाहून बाहेर आलो, ज्यूंच्या गल्लीतून परदेशी सिनेगॉगपर्यंत गेलो, तर दार बंद. १५६८ मधले हे प्रार्थनामंदिर, आतील चिनी फरशीवरच्या निळ्या नक्षीचे वर्णन आम्ही कितीदा वाचलेले. मात्र तो शनिवार आहे आणि शनिवार हा शब्बाथ, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. दुपार हातात राहिली, म्हणून चेर्लाईकडे वळलो.

मराठीच्या अध्यापकाला मट्टनचेरीत ओढून नेणारी खरी गोष्ट हीच असायला हवी होती, पण ती आमच्या यादीत शेवटी होती, हे कबूल केले पाहिजे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मसत्तेपुढे गोव्यातून जी कुटुंबे दक्षिणेकडे निघाली, त्यांपैकी बरीच येथे स्थिरावली. तिरुमल देवस्थान त्यांचेच. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याला साहाय्य करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे याच समाजातले तीन वैद्य होते. त्यांनी लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेला आहे. सेरामपूरला कॅरीचे मराठी व्याकरण निघाले १८०५ साली. हा दाखला त्याच्या सव्वाशे वर्षे आधीचा.

मुद्रणाच्या इतिहासाचा तास घेताना त्या पानाची छायाप्रत आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लावत आलो. ‘आपल्या मुद्रणाचा पूर्वेतिहास’ असे म्हणत आलो. दाखल्याची भाषा कोकणी, हे सांगायचे राहून जाई. कधी सांगितलेच तर ‘म्हणजे आपलीच’ अशी पुस्ती जोडली जाई.

चेर्लाईत पोचलो तेव्हा माध्यान्हपूजा आटोपून देऊळ बंद झाले होते. समोरच्या गल्लीत पापड-लोणच्यांच्या एका छोट्या दुकानाच्या पायरीवर आम्ही टेकलो. दुकानदार सत्तरीपुढचे, कमरेला पांढरे मुंडू. आधी मल्याळममध्ये काही म्हणाले, मग इंग्रजीत. आम्ही आपसांत मराठीत ‘पाण्याची बाटली संपली का’ असे काहीतरी बोललो, तसे त्यांनी चमकून पाहिले आणि विचारले, “तुमी खंयचे?” मग आत वळून कोणाला तरी उदक आणायला सांगितले.

उदक! हा शब्द आमच्यापाशी आहे, पण कुठे? महानुभावांच्या गद्यात, आणि तर्पणाच्या वेळी हातावरून सोडायला. तहानलेल्या माणसासाठी आमच्या घरात तो कोणी उच्चारत नाही. स्टीलच्या पेल्यातून तो असा समोर आला, तेव्हा आम्ही दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलो.

गप्पा सुरू झाल्या. निम्मे कळत होते, निम्मे अदमासाने. ‘माझे’च्या जागी ‘मगेले’, मधूनच एखादे मल्याळी वळण. आमच्यातल्या एकाने, कोणी ते इथे महत्त्वाचे नाही, कौतुकाच्या सुरात म्हटले, “तुमची कोकणी बरीचशी मराठीसारखीच आहे की!” गृहस्थ मंद हसले. त्यांचे बोलणे मराठीत सांगायचे तर असे: “तुमची मराठी कोकणीसारखी आहे, असे का नाही म्हणत?”

रागावले नव्हते. पुन्हा पाणी हवे का, म्हणून विचारले.

पण आम्हांला वेंगुर्ल्याकडची आमची एक विद्यार्थिनी आठवली. बारा-तेरा वर्षे झाली असतील. मुद्रणावरच्या प्रश्नाच्या उत्तरात तिने त्या दाखल्याविषयी लिहिले होते की, हा मजकूर कोकणी आहे. कोकणीला १९७५ मध्ये साहित्य अकादमीने आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीने स्वतंत्र भाषा मानले आहे. तेव्हा तो मराठीच्या खात्यावर जमा करता येणार नाही. आमच्यापैकी एकाने तो पेपर तपासला, ‘विषयांतर’ असा शेरा मारून दोन गुण कापले. दुसऱ्याने तो पुन्हा पाहिला आणि खाली सही केली. ती भेटायला आली होती. आम्ही तिला फादर स्टीफन्सचे उदाहरण दिले: त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी, तेव्हा हा सारा एकच प्रवाह. त्याच स्टीफन्सने कोकणीचे स्वतंत्र व्याकरण रचले आणि ते त्याच्यामागे १६४० मध्ये छापले गेले, हे आम्हांला ठाऊक होते. त्या दिवशी ते सांगितले नाही.

दुकानदारांच्या सांगण्यातही एक गाळलेली जागा होती, हे नमूद करायला हवे. गोव्याहून आलेल्यांची कथा ते सारस्वतांची म्हणून सांगत होते. कुडुंबींविषयी आम्ही मुद्दाम विचारले, तेव्हा “हां, तेही बोलतात” एवढेच म्हणाले. कुडुंबीही गोव्याकडूनच आले, त्यांनीही ही भाषा घरात राखली. चुरमुरे-पोहे आणि अंगमेहनत यांवर पोट भरणाऱ्या या समाजाचे नाव आपल्या ‘कुणबी’शी जोडले जाते. दाखल्यावर सह्या करण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. ज्याला आपण खिजगणतीत धरत नाही तो समोरच्याच्याही खिजगणतीत नसतो, हे पाहून आम्हांला थोडा दिलासा वाटला. मग त्या दिलाशाचीच लाज वाटली.

पापडांची दोन पुडकी घेऊन निघालो. तोप्पुंपडीपर्यंत बस, तिथून दुसरी बस. सिनेगॉग राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलिंग्डन बेटावरील धक्क्यावर सामानाची तपासणी झाली आणि दोन तास नुसते बसून काढायचे होते. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तिचा क्रमांक सापडला. ती आता कुडाळकडे शाळेत शिकवते. काय लिहावे यावर आम्हां दोघांत बराच वाद झाला. एकाला सविस्तर पत्र हवे होते, संदर्भांसह. दुसऱ्याचे म्हणणे, पुन्हा तास घेऊ नकोस. शेवटी चार ओळी गेल्या: कोचीत आहोत, चेर्लाईत कोकणी ऐकली, त्या पेपरात तुझे दोन गुण आम्ही चुकीने कापले होते, तू लिहिलेले बरोबर होते. खाली दोघांची नावे. जहाज हलले, बंदराचे तोंड मागे पडले आणि फोनवरची रेंज गेली.

पाच दिवसांनी त्याच धक्क्यावर उतरलो तेव्हा तिचे उत्तर येऊन पडले होते.

“सर, मॅडम, नमस्कार. दोन नव्हे, तीन.”