लॉगला घाबरायचं कशाला?

मैत्रिणींनो, शाळेत लॉग शिकवले तेव्हा तुमच्यापैकी किती जणींनी नुसते पाठ करून वेळ मारून नेली? खरं तर लॉग म्हणजे साधा प्रश्न आहे.

साडीची घडी घाला. एकदा दुमडली की दोन थर, दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा आठ. दोनाचा तिसरा घात आठ. आता उलट विचारा, आठ थर हवेत तर दुमडायची कितीदा? तीनदा! यालाच म्हणतात, २ पाया धरून ८ चा लॉग ३. पाया जिथल्या तिथे. घाताचे उत्तर लॉगच्या पोटात जाते आणि डोक्यावर बसलेला घातांक खाली उतरून उत्तर होतो. बस्स, एवढीच अदलाबदल.

स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉग जगापुढे आणले, ते किचकट गुणाकार सोपे व्हावेत म्हणून. मला ते उपयोगी पडले आईच्या पैशासाठी.

आईने माझ्या नावावर ५०,००० रुपये ठेवले आहेत. वर्षाला आठ टक्के चक्रवाढ धरली तर दुप्पट कधी? म्हणजे १.०८ चा कितवा घात २? उलटून लिहा: १.०८ पाया धरून २ चा लॉग किती? कोष्टकातले लॉग १० च्या पायावरचे असतात, म्हणून २ च्या लॉगला १.०८ च्या लॉगने भागायचे. ०.३०१० भागिले ०.०३३४, झाली नऊ वर्षे. (सरळ व्याजाने साडेबारा लागली असती बरं का!)

गेल्या दिवाळीत ओळखीचे एक गृहस्थ आले. “वहिनी, आमच्या योजनेत चार वर्षांत दुप्पट!” आमचे हे तर लगेच तयार. मी मुलीचे कोष्टकांचे पुस्तक काढले. ०.३०१० ला चाराने भागले, आले ०.०७५३. हा लॉग कोणाचा? जवळजवळ १.१९ चा. म्हणजे दरसाल एकोणीस टक्के!

“भावजी, एवढं मिळवता कुठून?”

“वहिनी, तुम्ही आधी चहा टाका बघू.”

चहा टाकला. सही मात्र केली नाही. हे दोन दिवस घुश्शात होते.

तुमच्या दारी कोणी अशी दुप्पट घेऊन आले तर आधी वर्षे विचारा, मग भागाकार करा. कोष्टक नसेल तर बऱ्याच मोबाईलवर गणकयंत्र आडवे धरले की लॉगचे बटण दिसते.