डीम्ड

वैद्यकीय प्रवेशाचे दिवस आले की नगर जिल्ह्यातील पालकांच्या तोंडी ‘सरकारीला नंबर नाही लागला तर डीम्डला बघू’ हे वाक्य येते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या मनात ‘डीम्ड’चा अर्थ बहुधा एकच असतो : भरमसाट फी. कायद्याच्या दफ्तरातले हे इंग्रजी विशेषण आपले विशेष्य मागे टाकून आमच्या बोलीत खुशाल नाम होऊन बसले आहे.

वास्तविक एखादी वस्तू मुळात जी नाही ती कायद्यापुरती ती आहे असे धरून चालावे, असा हुकूम हा शब्द देतो. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने एखाद्या शिक्षणसंस्थेस विद्यापीठ मानण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. आणि दत्तक मूल हे दत्तक घेणाऱ्याचेच अपत्य मानावे, असे सांगताना त्याच वर्षीच्या हिंदू दत्तकविषयक कायद्यानेही हेच क्रियापद योजले. राहुरीचे कृषी विद्यापीठ 1968 साली अस्तित्वात आले ते राज्याच्या कायद्याने. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेला 2003 साली विद्यापीठाचा दर्जा लाभला तो केंद्राच्या अधिसूचनेने. परंतु अभ्यासक्रम आखणे, परीक्षा घेणे आणि स्वतःच्या मोहोरेची पदवी देणे हे जे अधिकार संलग्न कॉलेजाच्या वाट्याला सहसा येत नाहीत, ते दत्तकालाही औरसाप्रमाणेच मिळतात.

मराठीत मात्र या शब्दाची दोन रूपे झाली. गृहनिर्माण संस्थेच्या जमिनीचा दस्तऐवज तो ‘मानीव’ अभिहस्तांतरणाचा, आणि विद्यापीठ तेवढे ‘अभिमत’! ‘मानीव’ कसा प्रामाणिक आहे, मानले म्हणून आहे एवढेच सांगतो. ‘अभिमत’ म्हणजे संमत, इष्ट, आणि त्यात गृहीत धरल्याची छटा औषधालाही उरत नाही. कायद्याने जी प्रतिष्ठा देण्याचे टाळले, ती आमच्या भाषांतरकाराने उदार मनाने देऊन टाकली, असेच म्हणावे लागेल.

2017 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांना नावात ‘युनिव्हर्सिटी’ लावण्यास मनाई केली, तेव्हा ‘डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी’ ही अक्षरे कंसात घालण्याची मुभा तेवढी त्यांना राहिली. दत्तक मुलाच्या नावापुढे असा कंस कोणी घालत नाही. पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ तर 1921 साली, परकीय सरकारच्या सनदेची वाट न पाहता, विद्यापीठ या नावानेच उभे राहिले. ते ‘अभिमत’ ठरले 1987 साली, आणि बंदी इंग्रजी शब्दावर आली तरी त्याच्या नावातला मराठी शब्द जागच्या जागी आहे.