लाटण्याचा धडा

निवृत्तीनंतर राहुरीस स्थायिक झालों आणि घरीं लेथ आणून बाभळीचें लाटणें कांतावयास बसलों. पुस्तकें वाचलींच होतीं! पटाशी टेकणावर न ठेवतां फिरत्या लांकडास लावली मात्र, असा हिसका बसला कीं ठोकळा उडून भिंतीवर आदळला.

शेजारचे सुतार हंसले नाहींत. म्हणाले, ‘‘मास्तर, हत्यार आधीं टेकणावर, मग लांकडावर. धारेची पाठ घासूं द्या. मग दांडा हळूच उचला.’’ तसें करतांच भुसा उडावयाचा थांबून लांब सालीं निघूं लागलीं.

सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लांकडावर लाखेची कांडी धरून घर्षणाच्या उष्णतेनेंच रंग चढवितात. तीं खेळणीं बाळपणीं आम्हीं सहज फोडलीं! ज्या विद्येस जन्मभर ‘हातकाम’ म्हटलें, तिच्या पहिल्या यत्तेंत आम्ही साठीनंतर बसलों आहों.