आईची राहिलेली फेरी

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमचं घर. कार्तिक पौर्णिमा जवळ आली की आम्ही भावंडं बाबांच्या मागे लागायचो. खारून नदीच्या काठी, महादेव घाटावर पुन्नी मेळा भरतो. आम्हाला ओढ असायची तिथल्या लाकडी पाळण्यांची. छत्तीसगढीत त्यांना ढेलवा-रहचुली म्हणतात. ना मोटर, ना पट्टा. दोन दणकट माणसं हातानं पाळणा फिरवायची, लाकूड करकरायचं आणि आम्ही जीव मुठीत धरून वर जायचो.

आई मात्र खालीच. हातात आमच्या चपला आणि डब्याची पिशवी.

"आई, तू पण बस ना!"

"छे गं, सामान कोण सांभाळणार? पुढच्या वर्षी बघू."

ते पुढचं वर्ष कधी आलंच नाही. पाळणे मात्र बदलत गेले. तसे ते जगात फार आधीच बदलले होते. जॉर्ज फेरिस यांनी 1893 मध्ये शिकागोत वाफेवर फिरणारं, सुमारे 80 मीटर उंच पोलादी चक्र उभं केलं. 1955 मध्ये अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं आणि 1959 मध्ये तिथे पोलादी नळ्यांच्या रुळांवर रोलर कोस्टर धावू लागला. आपल्याकडे 1984 मध्ये दिल्लीत अप्पू घर आलं, 1989 मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड आणि 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आईला घेऊन मुंबईजवळच्या एका मोठ्या पार्कात गेलो. इंजिनीअरिंग शिकणारी माझी लेक आजीला सगळं समजावत होती. "आजी, रुळांचे भाग पाडलेले असतात. पुढच्या भागातली गाडी निघाल्याशिवाय मागची तिथे शिरूच शकत नाही. ब्रेक आपोआप लागतात. चाकं रुळाला वरून, खालून आणि बाजूनं धरून ठेवतात, त्यामुळे गाडी सुटत नाही."

आईनं नीट ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मग मी बसू?"

एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच!

रांगेच्या तोंडाशी पाटी होती: हृदयविकार असलेल्यांनी बसू नये. आईची बायपास होऊन तीन वर्षं झाली होती. तिथला मुलगा अगदी अजिजीनं म्हणाला, "आजी, नाही हो चालणार." त्याचं बरोबरच होतं.

आई हसली. "पाळणा कच्चा होता तेव्हा मी धडधाकट होते. आता पाळणा पक्का झाला, तर मीच कच्ची!"

सगळे हसले. मला हसू येईना. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही, की पिशवी पाच मिनिटं आपण धरावी? नवा पाळणा यायची वाट बघायची गरजच नव्हती. तिची फेरी अडली होती ती एका पिशवीपायी.

रायपूरला परतल्यावर डॉक्टरांना विचारून तिला घराजवळच्या बूढा तालाबवर नेलं. नातीबरोबर ती बोटीत बसली. बोट संथ चालली होती, तरी आई काठ घट्ट धरून लहान मुलीसारखी ओरडत होती.

मी पायऱ्यांवर उभी होते. दोघींच्या पिशव्या माझ्या हातात होत्या.

तुमच्याही घरात सामान सांभाळत खाली उभं राहणारं कुणीतरी असेल. यंदा मेळ्याला जाल, तेव्हा पिशवी आधी तुम्ही धरा.