लोकल सुटल्यानंतरचा दिवस

अंबरनाथ पूर्वेतील निवृत्त माणूस पहाटेच उठतो. अर्धे आयुष्य सीएसएमटीची लोकल पकडण्यात गेल्यामुळे गजराची गरज उरलेली नसते. घाई संपलेली असते, शरीराला मात्र ते उशिरा कळते. हा मधला काळ सर्वांत अवघड, आणि घरच्यांच्या तो क्वचितच ध्यानात येतो.

पावले बहुधा शिवमंदिराकडे वळतात. वालधुनीकाठचे हे भूमिज शैलीतील मंदिर शिलाहार राजवटीतले. त्यातील शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060, हा काळ येतो. सभामंडपातून गर्भगृहात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. नोकरीच्या वर्षांत दर्शन धावतपळत होई. आता गुडघे प्रत्येक पायरीवर थांबायला लावतात, आणि त्या थांबण्यात भिंतीवरची शिल्पे प्रथमच नीट दिसतात. इतकी वर्षे ती इथेच होती, ही जाणीव सुखाची की हळहळीची, हे सांगणे कठीण.

समुद्र दूर असला तरी कोकणपट्टीचा दमटपणा इथेही आहे. एप्रिल-मेमध्ये दुपार पंख्याखाली जाते. संध्याकाळी कट्ट्यावर पेन्शन, रक्तदाब आणि परदेशातली नातवंडे हे विषय निघतात. गाड्यांच्या उशिराची चौकशीही होते, कुणालाच कुठे जायचे नसताना.